दारातली मोठी गाडी आणि घरातली वही



आज बचत, पापड, शेळ्या यांपैकी काहीच नाही. आज गाडीबद्दल बोलायचंय. गाडी म्हणजे चारचाकी, आणि तीही छोटी नव्हे. शोरूममधून हार घालून, पेढे वाटत येते ती उंच, रुंद गाडी. आमच्या बैठकीत हा विषय निघेल असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. पण गेल्या श्रावणात एका गटातल्या ताईचे अंतर्गत कर्जाचे दोन हप्ते थकले. कधी एक दिवस उशीर न करणारी बाई. कारण विचारत गेलो, तर ते तिच्या दारातल्या गाडीपाशी जाऊन थांबलं. ती म्हणाली, “माझं नाव सांगू नका, पण गोष्ट सांगा.” म्हणून सांगतोय.

आपल्याकडं गाडी म्हटलं की आधी आठवते काळी-पिवळी जीप. हरसूलचा बाजार असो, त्र्यंबकचा दवाखाना असो की नाशिकच्या कोर्टाची तारीख, सगळं त्या जीपवर चालायचं. आत दहा-बारा, मागं लटकलेले तीन-चार, टपावर कोंबड्या आणि भाताची पोती. मग बोलेरो आली. बोलेरो बाजारात आली २००० साली, स्कॉर्पिओ २००२ मध्ये, आणि दोन्ही आपल्या नाशिकच्याच महिंद्राच्या कारखान्यात तयार होत आल्या आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणींचे भाऊ, दीर, पोरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत उभ्यानं पाळ्या करतात. त्यामुळं गाडी हा आपल्याला परका विषय नाही. आपण ती बनवणाऱ्यांच्या घरच्या आहोत.

आता दारात येतात त्या गाड्या मात्र वेगळ्या आहेत. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा अशी नावं पोरांच्या तोंडी असतात. यांना क्रॉसओव्हर म्हणतात. नावाचा बाऊ करायचं कारण नाही. दिसायला जीप आणि आतून मोटार, एवढंच. जुन्या जीपला, बोलेरोला, स्कॉर्पिओला खाली लोखंडी चौकट असते, बैलगाडीच्या साटीसारखी, आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला असतो. क्रॉसओव्हरला अशी वेगळी चौकट नसते. सगळा पत्रा मिळून एकच पेटी असते. त्यामुळं गाडी हलकी राहते, कमी हादरते, पेट्रोल जीपपेक्षा कमी पिते, आणि वळणावर झोकांड्या खात नाही. पण नऊ माणसं आणि चार पोती हे तिचं काम नव्हे. यांतल्या बहुतेकांमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. चिखलात रुतली तर मागची दोन चाकं नुसती बसून राहतात. उंचीचंही तसंच. गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १९० मिलिमीटर वर असतं, म्हणजे आपल्या एका वितीपेक्षाही थोडं कमी. बाहेरून गाडी केवढी उंच वाटते, पण ती उंची बोनेटची आणि छपराची.

लांबीचीही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यात पैसा आहे. सरकारनं कर लावताना ४ मीटरची रेघ मारलीय. गाडी ४ मीटरच्या आत असेल आणि इंजिन लहान असेल, म्हणजे पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठी असेल तर ४० टक्के. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर, रेघेच्या आत बरोबर ५ मिलिमीटर. हे काही योगायोगानं झालेलं नाही! मधल्या आकाराची क्रॉसओव्हर मात्र ४.३ मीटरच्या आसपास असते, म्हणजे ती ४० टक्क्यांत जाते. वीतभर जास्त लांबीसाठी आपण काय मोजतो हे शोरूममध्ये कुणी आपण होऊन सांगत नाही.

आता ताईची गोष्ट.

गाव त्र्यंबकपासून आठ किलोमीटर आत. घरी भात-नागलीची थोडी शेती. रस्त्याकडेचा एक तुकडा रिसॉर्टवाल्याला विकला, त्याचे पैसे आले. मुलगा सातपूरला कंपनीत, हातात पगार २२,००० रुपये. ताई शिलाई आणि पापडाचे मिळून महिन्याला ६,००० मिळवते. २०२४ च्या दिवाळीत गाडी घेतली. पेट्रोलची, किंमत ११ लाख ९० हजार. आपल्या राज्यात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी १२ टक्के रस्ता कर लागतो, तो झाला १ लाख ४३ हजार. विमा आणि बाकी मिळून गाडी रस्त्यावर आली तेव्हा १४ लाख झाले. जमिनीच्या पैशातले ४ लाख भरले आणि १० लाखांचं कर्ज काढलं, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. हप्ता महिना १६,३०० रुपये.

घरात हिशोब काय झाला? पगार २२,०००, हप्ता १६,३००, उरले ५,७००, वर आईची कमाई आहेच. बसतंय. शिवाय मनात कुंभ होता. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. मागचा २०१५ ला झाला, आता येत्या ३१ ऑक्टोबरला ध्वजारोहण आहे आणि मोठी स्नानं २०२७ मध्ये. लाखो लोक येणार, गाडी दोन वर्षांत फिटेल, असं मुलगा म्हणाला. असं म्हणणारा तो एकटा नाही. आमच्याच ओळखीत पाच-सहा घरांनी याच भरवशावर गाडी घेतलीय.

ताईचे हप्ते थकल्यावर आम्ही तिच्या ओटीवर वही घेऊन बसलो. आपण गटात जशी वही लिहितो तशीच, रकाने आखून.

पहिला रकाना पेट्रोल. गावापासून सातपूर एका बाजूनं ३० किलोमीटर, जाऊन-येऊन ६०. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १,५०० किलोमीटर. बाजार, पाहुणे, लग्नकार्य यांचे ३०० धरले, एकूण १,८००. मुलगा म्हणाला, गाडी लिटरला १७ देते. आम्ही म्हटलं, मोजू. टाकी पूर्ण भरली, किलोमीटरचा आकडा लिहिला, पुन्हा पूर्ण भरली तेव्हा किती लिटर बसलं ते पाहिलं आणि भागाकार केला. १३ आले. शहरातली गर्दी, त्र्यंबक रस्त्यावरचे गतिरोधक, एसी, सगळं धरून १३. कंपनीच्या कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो ठरावीक चाचणीत निघालेला असतो. आपल्या रस्त्यावर आपलाच आकडा धरायचा. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याचं पेट्रोल १४,५०० रुपये झालं. ताई वहीकडं बघतच राहिली. मुलगा रोज पाचशे-पाचशेचं टाकायचा, त्यामुळं ते एकत्र कुणालाच कधी दिसलं नव्हतं.

दुसरा रकाना विमा. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा म्हणजे थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र दरवर्षी भरायचा. तिन्ही वर्षांची सरासरी काढून महिन्याला २,५०० पडले. सर्व्हिसिंगचे १,०००. टायर चार, एक नऊ हजारांचा, म्हणजे ३६,०००. चाळीस हजार किलोमीटर चालले असं धरलं तर या वापरानं ते बावीस महिन्यांत संपतात, म्हणजे महिन्याला १,६००. टायरचे पैसे दर महिन्याला बाजूला टाकायचे असतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आपण शेळी घेताना चारा धरतो, औषध धरतो, मग इथंच कसं विसरलो? पंक्चर, धुणं, पार्किंग, पीयूसी मिळून ६००.

बेरीज केली. १६,३०० हप्ता आणि वरचं सगळं मिळून ३६,५०० रुपये. घरात येतात २८,०००. त्यात अजून किराणा नाही, धाकटीची फी नाही, सासूबाईंची औषधं नाहीत.

मग नऊ महिने घर चाललं कसं? इथं ताई रडली. जमिनीचे उरलेले पैसे थोडे थोडे संपले. गटातून शेळ्यांसाठी घेतलेले ३०,००० दोन हप्त्यांत गेले. आणि मुलगा सुट्टीच्या दिवशी नाशिकरोड स्टेशनवरून भाविक आणायला लागला. एका फेरीचे अठराशे-दोन हजार मिळायचे. श्रावणातल्या एका शुक्रवारी असेच चार भाविक घेऊन येताना पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला आणि गाडी त्याच्यावर आदळली. देवाची कृपा, कुणाला मोठं लागलं नाही. पण बोनेट, रेडिएटर, दिवे सगळं गेलं. गॅरेजनं खर्च सांगितला ८५,०००. विमा होता, त्यामुळं घरचे निवांत होते. विमा कंपनीच्या माणसानं चौकशी केली, गाडीत कोण होतं विचारलं, भाविकांनी खरं ते सांगितलं की आम्ही पैसे ठरवून बसलो होतो. दावा नामंजूर झाला. सगळे पैसे घरातून गेले.

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका, कारण कुंभ जवळ येईल तशी ही चूक घरोघर होणार आहे. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे असलेली गाडी खासगी वापराची. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील तर ती भाड्याची. खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवणं म्हणजे परवान्याशिवाय वाहतूक. मोटार वाहन कायद्यात त्याला १०,००० रुपये दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. खासगी गाडीच्या विम्याच्या कागदावर ‘वापराची मर्यादा’ असा भाग असतो. त्यात भाड्यानं किंवा मोबदला घेऊन गाडी वापरायची नाही असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपण विम्याचे पैसे भरतो, पण भाडेकरू बसवले त्या क्षणी आपला तो आधार सुटतो. गाडीचं नुकसान एक वेळ सोसता येईल. पण अपघातात कुणी दगावलं किंवा जन्माचं अपंग झालं, तर भरपाई काही लाखांची असते, आणि विम्याची अट मोडलेली असेल तर ती शेवटी गाडीमालकाच्या मानेवर येऊ शकते. मालकाकडं विकायला असतं काय? उरलेली जमीन.

शेजारणीला दवाखान्यात नेलं, गटाच्या बायकांना बैठकीला सोडलं, याला कुणाची हरकत नाही. माणशी पैसे ठरवले की ते भाडं. धंदाच करायचा असेल तर सरळ पिवळी पाटी घ्यावी. त्यासाठी आरटीओकडून टुरिस्ट परवाना, ठरलेल्या मुदतीनं योग्यता तपासणी आणि धंद्याच्या गाडीचा विमा लागतो, तो महाग असतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते. हा सगळा खर्च धरून फायदा उरतो का ते आधी वहीत पाहावं. तेही बारा महिन्यांचं पाहावं, नुसत्या पर्वणीचं नको. आणि पर्वणीचंही काय सांगावं? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला आपल्याकडं काय होतं ते आठवा. बाहेरच्या गाड्या खंबाळ्याला थांबवतात आणि पुढं एसटी चालते. ऐन गर्दीच्या दिवशी गाडी गावात नेताच येत नाही. कुंभात ती शिस्त याहून कडक असणार असं धरूनच हिशोब करावा.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, गाडी वाईटच. तसं नाही. ताईच्या सासूबाईंचे गुडघे धरलेले आहेत. छोट्या मोटारीत त्यांना खाली बसावं लागायचं आणि उठताना दोघांनी ओढावं लागायचं. जीपमध्ये पाय उचलून चढणं तर अशक्यच. या गाडीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, त्या वळून नुसत्या टेकतात आणि पाय आत घेतात. जुलैच्या एका रात्री पाड्यावरच्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला होता, पण गाडी दुसऱ्या रुग्णाकडं गेलेली, यायला वेळ लागणार होता. ताईच्या मुलानं तिला धुक्यातून त्र्यंबकला आणि तिथून पुढं नाशिकला पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. गटाची नागलीची बिस्किटं आणि पापड प्रदर्शनाला न्यायचे असले की डिकीत सात खोकी बसतात आणि एकही पापड मोडत नाही. त्या सासूला, त्या सुनेला या गाडीची किंमत विचारा. म्हणून गाडी घेऊ नका असं सांगायला आम्ही आलो नाही. तिचं रोजचं खाणं-पिणं आधी मोजा, एवढंच आमचं म्हणणं.

आता आपल्या पावसाबद्दल. पावसाळा अजून लांब आहे, पण तेव्हा सांगून उपयोग नसतो. आपल्याकडं जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ खालीच उतरलेलं असतं. वाघेरा घाट असो की मोखाड्याकडं जाताना तोरंगणचा घाट, उतारावर सतत ब्रेक दाबून जायचं नाही. ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच खालच्या गिअरमध्ये उतरायचं, मग गाडी इंजिनच धरून ठेवतं. काचेवर आतून वाफ धरली तर फडक्यानं पुसत बसू नका, एसी लावा, हवा काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो आणि मिनिटाभरात काच स्वच्छ होते. पावसात एसी कशाला म्हणून तो बंद करणारी माणसं आम्ही खूप पाहिली, आणि मग चालवणारा एका हातानं काच पुसतोय, दुसऱ्या हातात स्टिअरिंग.

फरशीवरून ओहोळ वाहत असला की उंच गाडीवाल्याला जोर चढतो. हा जोर मोडायचं काम घरातल्या बाईनं करावं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी मोटार तरंगू शकते, आणि दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही ढकलत नेतं. गाडी पेटीसारखी बंद असते, त्यामुळं पाणी तिला खालून उचलतं. वाहून गेली नाही तरी इंजिनानं हवेबरोबर पाणी ओढलं तर आतले दांडे वाकतात. मध्येच बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. ढकलून बाहेर काढायची आणि मेस्त्रीला बोलवायचं. पुन्हा चालू करायचा प्रयत्न केल्यानं जे इंजिन बिघडतं त्याचा खर्च साध्या विम्यात सहसा मिळत नाही, त्याला इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम लागतं.

आणखी एक, आणि हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. या गाडीचं बोनेट उंच असतं. चालवणाऱ्याला गाडीच्या अगदी पुढ्यात बसलेलं लहान मूल दिसत नाही. मागचा कॅमेरा असतो, पण आपल्या चिखलात तो दोन दिवसांत झाकून जातो. आपली अंगणं म्हणजे पोरं, कोंबड्या, वाळवण. म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय, अंगणातून गाडी निघताना मोठ्या माणसानं बाहेर उभं राहायचं आणि पोरं हाताला धरायची, त्यानंतरच चावी फिरवायची. आणि गाडीत बसल्यावर लेकरू मांडीवर घेऊन पुढं बसायचं नाही. एअरबॅग फुगते ती डोळ्याचं पातं लवण्याआधी, आणि मधे लेकरू असेल तर तीच त्याच्या जिवावर उठते. मुलं मागं, पट्टा लावून. मागच्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, नाही लावला तर १,००० रुपये दंड. सीटा पाच म्हणजे माणसं पाच. लग्नाला जाताना हे पाळणं किती कठीण आहे ते आम्हालाही माहीत आहे.

रोजच्या सांभाळाचं थोडक्यात सांगतो. दर पंधरा दिवसांनी टायरची हवा, स्टेपनीची सुद्धा. हवा कमी असली की पेट्रोल जास्त जातं आणि टायर कडेनं झिजतात. भात काढणीच्या दिवसांत उंदीर बोनेटखाली ऊबेला बसतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून गाडी कणगीजवळ लावू नये. डिझेल गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, आणि ती साफ व्हायला गाडी अधूनमधून वीसेक मिनिटं सलग वेगात चालावी लागते. नुसतं घर ते शेत, घर ते दुकान केलं तर ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्यांचं फिरणं तेवढंच आहे त्यांनी पेट्रोल बरी.

कागदांबद्दल ताईकडून आम्हालाच एक धडा मिळाला. कर्जाच्या कागदांवर तिची सही होती. कशाची, ते तिला माहीत नव्हतं. आम्ही फाईल उघडली तर ती सहकर्जदार निघाली. म्हणजे हप्ते थकले तर बँक तिच्याकडंही मागणार, आणि उद्या तिला स्वतःच्या शिलाईच्या धंद्याला कर्ज हवं असेल तर तिथं ही थकबाकी आड येणार. सही करायला ना नाही, पण कशावर करतोय ते मोठ्यानं वाचून घ्यावं. काही घरांत हौसेनं गाडी बाईच्या नावावर घेतात. चांगलंच आहे. पण मालकाचा म्हणून जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो त्या मालकाकडं चालू वाहन परवाना असेल तरच उपयोगाचा. परवाना नसलेल्या बाईच्या नावावर गाडी असली तर हा आधार तिला मिळत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरलाय का ते पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

ताईच्या घरी पुढं काय झालं ते राहिलंच. आधी मुलानं गाडी विकायचं पाहिलं. संक्रांतीच्या सुमारास भाव काढला तेव्हा चौदा हप्ते भरून झाले होते आणि कर्ज अजून पावणेनऊ लाख शिल्लक होतं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजातच जातो. गाडीला मागणी आली ९ लाख ९० हजारांची. म्हणजे चार लाख रोख आणि हप्त्यांचे सव्वादोन लाख असे सव्वासहा लाख घातलेले, आणि विकून हातात येणार लाखाच्या थोडं वर. आणि कर्ज पाच वर्षांचं केलं असतं तर? हप्ता २१,००० आला असता, पण एकूण व्याज १ लाख १३ हजारांनी वाचलं असतं. २१,००० झेपत नाही म्हणून सात वर्षं घेतली, असं मुलगा म्हणाला. आमच्या एका म्हाताऱ्या सदस्य म्हणाल्या, “झेपत नव्हतं हे तेव्हाच कळलं होतं की मग.” त्यावर मुलगा काही बोलला नाही.

गाडी सध्या ठेवायची असं ठरलं. घरात मोटारसायकल होतीच. कोरड्या दिवसांत मुलगा तिच्यावरून कामाला जातो. मोटारसायकल लिटरला ५० देते. महिन्याचे १,३०० किलोमीटर तिच्यावर आणि ५०० गाडीवर, असे मिळून पेट्रोल ६,८०० च्या आसपास येतं. १४,५०० वरून ६,८००. टायरही त्या मानानं जास्त दिवस टिकतील. तरी हप्ता, विमा सगळं धरून महिन्याला २७-२८ हजार जातातच, त्यामुळं घर अजून ओढाताणीतच आहे, खोटं कशाला सांगू. मुलानं पाळीनंतरचं जास्तीचं काम धरलंय. जमिनीच्या पैशातली एक ठेव उरलीय, ती मुदत संपली की कर्जात भरून हप्ता कमी करून घ्यायचा विचार आहे. भाविकांच्या फेऱ्या बंद. गटाचे थकलेले दोन हप्ते गटानं चार महिन्यांत विभागून दिले, त्यातले तीन ताईनं फेडले. आणि गटाच्या इतिवृत्तात आम्ही एक ओळ वाढवलीय, अंतर्गत कर्ज ज्या कामाला घेतलं त्याचं महिन्याभरात दोघींनी जाऊन पाहून यायचं. ही ओळ आधीच असायला हवी होती. ती चूक आमची.

ताईनं स्वतः शिकाऊ परवाना काढलाय. आता तो ऑनलाइन, आधारवर निघतो. त्यानंतर तीस दिवसांनी, सहा महिन्यांच्या आत, पेठ रोडच्या आरटीओत चाचणी द्यायची. रविवारी शाळेच्या मैदानावर मुलगा शेजारी बसतो आणि ती चालवते. अजून पहिल्या गिअरला गाडी बंद पडते. त्या पेट्रोलचा वहीत वेगळा रकाना केलाय, ‘शिकवणी’ म्हणून.

ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला आरसी बुक आणि विम्याचा कागद घेऊन यावं. मोबाईलमध्ये असेल तर मोबाईल आणा. ‘वापराची मर्यादा’ हा भाग आपण एकेकीचा मोठ्यानं वाचणार आहोत.